नऊ फूट मागे

प्रकरण चौदावे

गोदूआत्याने ट्रंकेत दोन लुगडी ठेवली, बाहेर काढली, झटकली आणि पुन्हा ठेवली. सकाळपासून ही चौथी वेळ. लुगडी तीच, घडी तीच, पण हाताला काहीतरी चाळा हवा होता. तिचं सामान चार दिवसांपूर्वीच माडीवरून मागच्या पडवीत आलं होतं. न येऊन करतं काय, माडीच राहिली नव्हती! कौलं उतरली, वासे उतरले, सज्जाचा कठडा उतरला, फळ्या उतरल्या. तीस वर्षं जिथं ती निजली तिथं आता नुसतं चैत्राचं ऊन होतं. आणि आज खांब उतरायचे होते.

नगरपालिकेची नोटीस माघात आली. नोटीस अगदी सभ्य होती, त्याबद्दल कुणाला नाव ठेवायला जागा नाही. मुंबई-पुण्याच्या मोटारी पनवेलच्या बाजारातून जायच्या, आणि दोन ट्रक समोरासमोर आले की अर्धा तास नुसता भोंग्यांचा आणि शिव्यांचा गजर. रस्ता रुंद व्हायला हवा हे आळीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. म्हणून दोन्ही अंगांच्या घरांनी नऊ-नऊ फूट मागं सरायचं. आता घर म्हणजे काय गाडीचा बैल आहे, चुचकारला की मागं सरायला! पण आळीनं कपाळाला हात लावला आणि कौलं उतरवायला घेतली. कुणी दगडी ओटे फोडले, कुणी आजोबांच्या हौसेची कमान भिंतीला टेकवून ठेवली. जिकडं बघावं तिकडं घरांची तोंडं उघडी पडली होती.

गोदूच्या माहेरचं घर त्यातलंच, चाकवाल्यांचं. मुळात ही माणसं आगरी, मिठागरवाली. गोदूचा बाप बंदरावर मीठ वाहायचा, गाड्यांची चाकं दर हंगामाला मोडायची, आणि सुतार आज देतो उद्या देतो करायचे. एके दिवशी त्याचं डोकं फिरलं. लाकूड तासायची वाकस स्वतःच हातात घेतली आणि चाक केलं. पहिलं चाक अंड्यासारखं झालं म्हणतात, पण दहावं असं झालं की घाटावरून माणसं गाड्या घेऊन यायला लागली. मीठ मागं पडलं आणि बाजारात हे घर उभं राहिलं. खाली चाकांचा कारखाना, वर माडी, दर्शनी चार सागवानी खांब, आणि सगळ्या सांगाड्यात एकही खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर.

त्या चारांतला डावीकडून दुसरा खांब गोदूचा होता. म्हणजे तसं फक्त गोदू समजत होती.

बाविसाव्या वर्षी ती समुद्रकाठच्या सासरहून, करंजा गावाहून परत आली, तेव्हा तिच्याजवळ हीच ट्रंक होती. नवऱ्याची होडी गेली ती गेलीच. वर्षभर सासरी वाट बघितली, मग सासूनंच सांगितलं, बये, आता माहेरी जा. भावानं, महादेवनं, एका शब्दानं काही विचारलं नाही. पण दसऱ्याला हत्यारांची पूजा होती, भावकी जमली होती, आणि एका चुलत्यानं भरल्या पानावर तोंड उघडलं, ‘महादेवा, बहिनीला किती दिस ठेवनार हायेस?’ महादेव ओवाळलेली वाकस जागेवर ठेवत होता. ती त्यानं खाली ठेवली, उठला, आणि डावीकडच्या दुसऱ्या खांबावर पंजा टेकवून म्हणाला, ‘हा खांब उभा हाय तवर वरची माडी गोदूची. आनि कोनाला इचारायचं असंल तर मना नको, खांबाला इचारा.’

पुन्हा कुणी विचारलं नाही. महादेवनंही पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढच्या वर्षी वहिनी गेली, पाळण्यातला आनंदा आणि पाच वर्षांचा कमळाकर गोदूच्या ओटीत आले, आणि बोलायला सवड कुणाला होती? फक्त दर दसऱ्याला गोदू त्या खांबाला स्वतः करंजेल, करंजाच्या बियांचं तेल, चोळायची. बाकीच्या तीन खांबांना कुणीही चोळो, त्याला तीच.

महादेवला जाऊन आठ वर्षं झाली होती. आणि आज खांब उतरायचा होता, म्हणजे शब्द संपत होता. इतका साधा हिशेब होता तो. त्यात रडण्यासारखं काय आहे, असं स्वतःला बजावत ती ट्रंकेचं झाकण लावायला गेली आणि कडी काही केल्या बसेना.

बाहेर अंगणात दोघा भावांची जुंपली होती. कमळाकर कालच परळहून बायकोला घेऊन आला होता. त्याच्या हातात निळ्या कागदाची गुंडाळी होती आणि ती तो उघडून धरत होता, पण वारा तिला उघडं राहू देत नव्हता.

“हे बघ आनंदा, लाकडाचे दिवस गेले,” कमळाकर म्हणाला. “खाली तीन गाळे, लोखंडी शटरचे. वर स्लॅब. पावसाळ्यात कौलं शाकारायला नकोत, वाळवी नको. पुरे झालं ते तेल चोळणं.”

“आनि माजी चाकं?” आनंदा एका उपड्या तुंब्यावर बसला होता. चाकाचा तो मधला लाकडी गड्डा तो बूड टेकायला लहानपणापासून वापरायचा.

“चाकं, चाकं! उद्या बैलगाडीला रबरी टायर येणार आहेत, मग काय करशील?”

“उद्या येतील तवा उद्या बघू. माजं म्हननं एवडंच हाय, दादा, सगली लाकडं धड हायेत. नऊ फूट मागं तीच माडी परत उबी करू. कारखाना थोडा आखूड व्हईल, व्हऊ दे.”

चंद्रावती, कमळाकरची बायको, नवऱ्याच्या बाजूनं बोलली. “भावोजी, एकदाच काय ते पक्कं बांधून टाका. आमच्या चाळीच्या शेजारी नवी इमारत झाली, काय छान झाली म्हणून सांगू.”

वेणू, आनंदाची बायको, इतका वेळ चूल फुंकत होती. ती फुंकणी खाली ठेवून म्हणाली, “त्या निल्या कागदात आत्याबाय कुटं हायेत?”

कमळाकरनं कागदाकडं बघितलं. कागदात तीन गाळे होते, जिना होता, गच्चीही होती.

“आत्याची सोय आपण करूच ना,” तो म्हणाला. “परळला चलू दे. नाहीतर इथं मागं एक खोली काढू. सोय काय, होईल.”

पडवीत गोदूच्या हाताखाली कडी एकदाची बसली. तिनं ट्रंक उचलली आणि अंगणात येऊन उभी राहिली.

“मी करंज्याला चालले,” ती म्हणाली. “दिराचा शिवा हाय तिथं. बरेच दिस बोलवतोय.”

शिवानं तिला पंधरा वर्षांत एकदाही बोलावलं नव्हतं आणि हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“आता? आज?” आनंदा उठून उभा राहिला. “आत्ये, डोकं बिकं फिरलंय का तुजं?”

“आत्याबाई, आमचं काही चुकलं का?” चंद्रावतीचा चेहरा उतरला. “मी आपलं सहज म्हटलं हो स्लॅबचं.”

“कोनाचं काय चुकलं नाय. जायाची येल झाली, एवडंच.”

कमळाकरनं निळी गुंडाळी मिटली. तो डाव्या कानाची पाळी ओढत होता. लहानपणी काही लागलं की तो अशीच कानाची पाळी ओढायचा, आणि मग गोदू त्याला गूळ-खोबरं द्यायची. आता पस्तिशीच्या बाप्याला गूळ-खोबरं कुठून द्यायचं? तिनं नजर दुसरीकडं वळवली.

तेवढ्यात घराच्या पुढच्या अंगानं जैतू आला. कर्नाळ्याच्या डोंगरातून ह्या घराला लाकूड पुरवता पुरवता म्हातारा झालेला जैतू, खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं. “दोन खांब निजवले,” तो आनंदाला म्हणाला. “आता डावीकडचा दुसरा धरायचा का?” मग त्याला ट्रंक दिसली. ट्रंकेवरून त्याची नजर गोदूच्या तोंडावर गेली आणि तो थबकला.

“खांब पडायच्या आदीच निघालीस व्हय, गोदूबाय?”

“जैतू, तू गप.”

“का म्हनून गप? त्या दसऱ्याला मी दारातच बसलो हुतो, पान मांडून. सगलं ऐकलंय मी.” आणि त्यानं ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. चुलत्याचा प्रश्न, महादेवची वाकस, खांबावरचा पंजा, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

वेणूच्या चुलीवरचं आधण उतू गेलं तरी तिनं तिकडं पाहिलं नाही.

“अगं आत्या,” कमळाकर पुढं येऊन म्हणाला, “बाबा बोलले असतील त्या रागाच्या भरात. खांब काय, माडी काय! तू आमची आहेस. तुला कोण जा म्हणतंय? खांब असो नसो, तू राहायचंस.”

“हेच ते,” गोदू म्हणाली. इतकी वर्षं कुणापुढं न काढलेली गोष्ट तिच्या तोंडून आता धडाधड यायला लागली. “तू राहा म्हनतोस, कमलू, मना ठाव हाय तू मनापासून म्हनतोस. पन तुज्या म्हनन्यानं मी राहीन ती तुज्या दयेवर. तू सोय करशील, चंद्रावती जेवाय वाढंल, पोरं पाया पडतील. आनि मी रोज सकाली उटून बघनार, आज सगल्यांची तोंडं बरी हायेत ना. तुज्या बापानं मना दयेवर नाय ठेवलं. त्यानं हक्क दिला. तीस वर्सं मी त्या माडीवर अशी निजले, जशी मालकीनच. मना आता दुसऱ्या कशावर झोप यायाची नाय रे बाबा.”

बोलून झाल्यावर तिला आपलीच लाज वाटली. एवढं बोलायला नको होतं. तिनं ट्रंकेची कडी उगाच चाचपली.

आनंदा मात्र तिच्याकडं बघतच नव्हता. तो घराच्या आरपार, पुढच्या खांबाकडं बघत होता. चाकाचा आरा कुठं बसत नाही हे शोधताना तो बघायचा, तसंच एक डोळा बारीक करून.

“आत्ये,” तो म्हणाला, “बाबा नक्की काय म्हनाला? परत सांग.”

“हा खांब उभा हाय तवर.”

“इथंच उभा पायजे, असं म्हनाला?”

“नाय.”

“नऊ फूट मागं सरायचं नाय, असं?”

“नाय. पन आनंदा...”

“थांब गो जरा. उबाच पायजे, एवडंच ना? मग निजवतोय कोन त्याला?” आनंदानं हातावर हात चोळले. “जैतू, घाटावरच्या गिऱ्हाइकाची चाकांची नवी जोडी काड. कन्यासकट.”

“आनंदा, हा शुद्ध वेडेपणा आहे,” कमळाकर म्हणाला. “आठ फुटी सागवान! कुणाच्या अंगावर आलं तर?”

“मग येऊ नये म्हनून धरायला ये.” सगळे पुढच्या अंगाला गेले, आणि गोदूही ट्रंक हातात घेऊन मागोमाग गेली.

छातीइतकी उंच दोन नवी चाकं, लोखंडी धाव अजून निळसर चमकत असलेली, मधल्या कण्यावर चढवून खांबाच्या मागं आणली. खांब कण्याला उभाच्या उभा आवळला. त्याच्या माथ्याला चार दोर बांधले, चार दिशांना. एक दोर जैतूनं घेतला. दुसरा समोरच्या दयाराम भांडीवाल्यानं. त्याची स्वतःची ओसरी कालच गेली होती, तरी तो “माझ्याकडं द्या, माझ्याकडं द्या” करत रस्ता ओलांडून आला. तिसऱ्याला वेणू धावली. चौथा दोर जमिनीवर पडून राहिला.

चंद्रावतीनं पदर खोचला, मुंबईचं ते गुळगुळीत पातळ तसंच वर ओढून घेतलं आणि वेणूच्या मागं जाऊन तिसरा दोर पकडला. “तो चौथा तुम्ही धरता,” ती नवऱ्याला म्हणाली, “का मी एक इकडून आणि एक तिकडून धरू?”

कमळाकरनं निळ्या कागदाची गुंडाळी कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं, शेवटी काखेत मारली आणि दोर उचलला.

आनंदानं बुडाशी पहार घातली. दगडी तळखड्यावर खांब अर्धशतक बसलेला. कुरकुरला, हटून बसला, मग एकदम बोटभर उचलला गेला. आनंदानं खालून दोर आवळले. खांब आता चाकांवर लटकून उभा होता आणि त्याच्या पायाखालून उजेड दिसत होता.

“सुटला!” गोदू ओरडली. “आनंदा, पाय सुटला त्याचा! झालं, गेला शब्द!”

“गोदूबाय,” जैतू दोर ताणत, दातओठ खात म्हणाला, “मानूस चालतो तवा पाय उचलतोच ना? त्याला कोन पडला म्हनतं का?”

दयाराम फस्सकन हसला आणि त्याचा दोर ढिला पडला, त्याबद्दल त्याला चौघांच्या शिव्या बसल्या.

मग खांब चालायला लागला. एक फूट. दोन फूट. आनंदा चाकाच्या आऱ्यांना धरून चाकं टिचभर फिरवत होता. कारखान्याच्या जमिनीत पन्नास वर्षांचा लाकडाचा भुसा दाबून बसला होता, त्यावर चाकं गुमान चालत होती. आळीतली माणसं जमली, कुणी सल्ले देत होतं, कुणी नुसतंच “अरे बाप रे” करत होतं. एक ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मग त्यानं काय चाललंय ते पाहिलं आणि भोंगा बंद करून खाली उतरला.

पाच फुटांवर उजवं चाक जुन्या जोत्याच्या दगडाला अडलं. आनंदानं जोर लावला, चाक दगडावर चढलं आणि खांब डावीकडं कलला. वेणू-चंद्रावतीचा दोर सुटत सुटत हातातून घसरला. कलला, आणखी कलला.

कमळाकरनं दोराचा वेढा कमरेला मारला आणि सरळ जमिनीवर बसकण मारली. निळा कागद काखेतून सुटून चाकाखाली गेला. त्याच्या टाचा भुशात घासत दोन हात पुढं गेल्या, मानेच्या शिरा फुगल्या, पण दोर त्यानं सोडला नाही. “सावकाश!” तो ओरडत होता, “सावकाश रे आनंदा, पडू देऊ नकोस! आत्याचा आहे तो, पडू देऊ नकोस!”

गोदूनं ट्रंक तिथंच टाकली आणि धावली. सगळे नको नको म्हणत असताना ती त्या लटकत्या खांबाखाली शिरली आणि दोन्ही हात त्याला लावले. बावन्न वर्षांची बाई, ती काय सागवान पेलणार? पण खांब सावरला. कमळाकरच्या वजनानं म्हणा, तिच्या हातांनी म्हणा, सावरला तेवढं खरं. मग उरलेले चार फूट ती हात न काढता त्याच्याबरोबर चालली. करंजेलाचा वास त्या लाकडात इतका मुरला होता की तिला तिथंच हुंदका आला, आणि तो तिनं दाबला नाही.

ट्रक ड्रायव्हरनं आणि आळीतल्या दोघांनी मिळून दगडी तळखडा आधीच मागं लोटत आणला होता. आनंदानं दोर सैल केले. खांब दगडावर बसला. त्यानं वरून ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं, पाचर मारली, पुन्हा पाहिलं. माथ्याचे दोर आजूबाजूला जमिनीत ठोकलेल्या मेखांना आवळून बांधले.

“सरळ हाय,” तो म्हणाला. “मेखा हायेत तवर हलत नाय. उद्या ह्याच्याच मापानं बाकीचे तीन लावू, आनि मंग माडी. दादा, तुजा स्लॅब मागच्या बाजूला बांद हवं तर.”

कमळाकर भुसा झटकत उठला. चाकानं चुरगळलेला निळा कागद त्यानं उचलला, पाहिला आणि खिशात कोंबला. त्याचे तळवे सोलपटले होते. तो चालत खांबाजवळ आला आणि बरोबर त्याच उंचीवर, बापानं टेकवला असेल तसा, त्यानं पंजा टेकवला.

“आत्या,” तो म्हणाला, “हा खांब...” दुसऱ्या हातानं तो कानाची पाळी शोधत होता.

“गप,” गोदू म्हणाली.

“मला बोलू दे ना गं.”

“नको म्हनते ना! त्यानं एकदा सांगून झालंय. तू परत सांगितलंस तर पयलं संपलं असं व्हईल.” तिनं त्याचा हात खांबावरून काढून आपल्या हातात घेतला आणि सोलपटलेल्या तळव्यावर फुंकर घातली. “आनि संपलेलं नाय. तूच धरून ठेवलास की.”

कारखान्याच्या तोंडाशी ट्रंक आडवी पडली होती, झाकण उघडं, दोन लुगडी भुशात. वेणू ती उचलायला वाकली.

“घरात नेऊन ठेव,” गोदू म्हणाली. “माडी व्हईस्तवर तुज्या खोलीत निजते मी. आनि करंजेलाची बाटली आन गो. आदी ह्याच्या हाताला लावू, मग खांबाला. दोरानं वळ उटलेत बघ त्याच्या अंगावर.”